उरणची थेट गाडी

आमच्या पानसरवाडीपासून समुद्र फक्त दहा तासांवर आहे. गाडी पंक्चर झाली तर साडेदहा.

तसं पाहिलं तर समुद्राशी आमचा संबंध यायचं काहीच कारण नव्हतं. गाव जामखेड आणि कर्जतच्या मधे, कोरड्यात. गावात पोहता येणारा माणूस एकच, आणि तो कुठे शिकला हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण शहाण्णव साली जामखेड–उरण अशी एस.टी. सुरू झाली. सकाळी साडेसहाला सहादेवच्या पिठाच्या गिरणीसमोर थांबायची, आणि कर्जत, श्रीगोंदा, पुणे, पनवेल करत संध्याकाळी उरणला मुक्कामी जायची. दुसरी गाडी त्याच दिवशी तिकडून निघून संध्याकाळी पाचला गिरणीसमोर यायची. सोयरिकीला पाहुणे आले की लोक आधी पाणी द्यायचे आणि मग सांगायचे, "आमच्या गावातून समुद्राला थेट गाडी हाय." पाण्याची टंचाई असली की नुसतंच सांगायचे.

उरणशेजारी न्हावा शेवा बंदर आहे आणि बंदरात माझा थोरला भाऊ कानिफनाथ आहे. घराएवढ्या लोखंडी पेट्या जहाजातून उतरतात आणि जहाजात चढतात. त्यांचे नंबर टिपायचं काम तो करतो. बारावीला गणितात दोनदा गेलेल्या माणसाला नंबर टिपायला ठेवणं हे बंदराचं धाडस म्हणायचं. पण अजून एकही पेटी हरवली नव्हती. कानिफ मात्र लग्नानंतर दीड महिन्यात तिकडे गेला तो दोन वर्षांत चारदाच घरी आला. सात जणांत एक खोली होती, त्यामुळे माझी वहिनी चांगुणा इकडेच.

वहिनी रोज संध्याकाळी पाचला दळण घेऊन गिरणीत जायची. रोज. दीड किलो ज्वारी. आमच्या घरात दोन दिवसांचं पीठ कधी साठलंच नाही.

"वैनी," मी एकदा म्हणालो, "एकदम पायलीभर न्या की. डोक्यावरचं ओझं तरी सार्थकी लागंल."

"ताजं पीठ बरं असतंय, भाऊजी."

"ताजं म्हंजे पाचचं?"

"तुमी गप बसा. तुमचं लगीन झालं की कळंल."

पाचच्या गाडीचे कंडक्टर रंगनाथमामा. ते एक दिवस जायचे, दुसऱ्या दिवशी यायचे. उरणला मुक्काम असला की कानिफ स्टँडवर जाऊन त्यांना भेटायचा आणि निरोप द्यायचा. फोन करायचा तर कर्जतला जावं लागे, आणि तिकडे उचलायला कोणी नव्हतं. त्यामुळे आमच्या घरातलं सगळं प्रेम रंगनाथमामांच्या तोंडून येई, आणि मामांचं तोंड तिकीट फाडताना असतं तसंच त्या वेळीही असे.

"चांगुणा," मामा दारातून सांगायचे, "कानिफ म्हनला, बरं हाय."

"आन काय?"

"जेवन येळेवर करतो म्हनला."

"आन?"

"आनिक म्हनला, पन ते म्हंजे..." मामा मागे वळून वीसेक प्रवाशांकडे बघायचे. "ते तू समजून घे."

वीसेक प्रवासी समजून घ्यायचे. वहिनी पदर तोंडाला लावून गिरणीत पळायची. ड्रायव्हर सूर्यभान हॉर्न वाजवायचा. तो हॉर्न निरोपाचाच भाग आहे असं गावात मानलं जाई.

एकदा निरोप असा आला की बंदरात पोत्यांची थप्पी लागली होती, त्यातल्या एका पोत्यावर श्रीगोंद्याचं नाव होतं. आपल्याकडची साखर. कानिफनं त्या पोत्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मुकादम म्हणाला, काय रे? हा म्हणाला, वळखीचं हाय.

त्या दिवशी वहिनी दळण गिरणीतच विसरली.

एकदा निरोपाच्या जागी बाटली आली. सरबताची जुनी बाटली, बूच मेणानं बंद केलेलं, आत समुद्राचं पाणी. वहिनीनं कधी समुद्र पाहिला नव्हता म्हणून कानिफनं पाठवला. तिनं एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि "लई खारट हाय वो" असं इतक्या कौतुकानं म्हणाली की मला वाटलं खारटपणा कानिफनं स्वतः केलाय. बाटली फळीवर ठेवली. आठ दिवसांनी घरातलं मीठ संपलं. माझी आई बनुबाई, तिला वस्तू वाया गेलेली चालत नाही. त्या रात्रीच्या आमटीत समुद्र होता. वहिनी दोन वाट्या जास्त प्यायली.

पुढच्या महिन्यात मामांनी गाडी पूर्ण थांबायच्या आतच ओरडून सांगितलं, "खोली मिळाली! येगळी! पयल्या तारखेपास्नं! कानिफ म्हनतोय, चांगुणाला धाडा!"

गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन म्हातारे प्रवासी तर कानिफला ओळखतही नव्हते.

आई मात्र चुलीपुढे बसून म्हणाली, "जाऊ दे की. मी कवा न्हाई म्हनलं? पन थेट गाडीनं जायाचं. आपल्या दारातून बसायचं, तितं उतरायचं. मधी गाडी बदलायची न्हाई."

या अटीला कारण होतं. आईचा एकुलता भाऊ, माझा सख्खा मामा, मी जन्मायच्या आधी मुंबईला निघाला. त्या काळी तीन गाड्या बदलाव्या लागत. दौंडला तो गाडी बदलायला उतरला. बरोबरच्या माणसाला म्हणाला, पाट्या बघून येतो. त्याला पंचवीस वर्षं झाली. घरात त्याला कोणी गेला म्हणत नाही. आई म्हणते, तो अजून गाडी बदलतोय. मोठं झाल्यावर मला हे हसू येण्यासारखं वाटायला लागलं, पण आईसमोर कधी हसू आलं नाही.

"चालंल, आत्या," वहिनी म्हणाली. "थेट गाडी हायच की."

म्हणजे आता फक्त पहिल्या तारखेची वाट बघायची होती. बावीस दिवस. वहिनीनं दुसऱ्याच दिवशी ट्रंक भरली. मग रोज एकेक वस्तू लागायला लागली तशी ती उपसून परत भरायची. तिचा कंगवा मला आठ दिवस ट्रंकेतच दिसला. त्या आठ दिवसांत तिनं केस कशानं विंचरले हे मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात रंगनाथमामा खाली उतरले. मामा खाली उतरले म्हणजे बातमी वाईट.

"गाडी बंद हुतीय," ते सहादेवला म्हणाले, पण बघत वहिनीकडे होते. "भारमान न्हाई. सीटा जेवढ्या तेवढी मानसं बसत न्हाईत. या महिन्यात भारमान आलं तर आलं, न्हाई तर तीस तारखेची शेवटची फेरी."

खोली एक तारखेला. गाडी तीसपर्यंत. देवानं कॅलेंडर बघून केल्यासारखं होतं.

वहिनीनं पीठ घेतलं, घरी आली आणि ट्रंकेतून कंगवा बाहेर काढला. ते मला बघवेना.

मी गिरणीवर लोक जमवले आणि म्हणालो, "भारमान म्हंजे काय? मानसं. आन आपल्याकडं मानसांशिवाय दुसरं हाय काय?"

"बसून जायाचं कुटं?" सहादेवनं विचारलं.

"कुटंबी. कर्जतला. उतरायचं, संध्याकाळच्या गाडीनं माघारी."

"करायचं काय तितं दिसभर?"

"हितं काय करतुय?"

विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लावत आलोय, तशाच गाडीच्या पाळ्या लावल्या. सोमवारी वरची आळी, मंगळवारी खालची, बुधवारी मळ्यातले. रंगनाथमामांनी एकच सूचना केली, म्हाताऱ्या जास्त आणू नका, अर्ध्या तिकिटाची म्हातारी अख्खी चढली तरी कागदावर अर्धीच दिसते.

आणि गाव निघालं. सहादेवनं पाळीच्या दिवशी गिरणी बंद ठेवली आणि कर्जतला दुसऱ्याची गिरणी बघत दिवसभर उभा राहिला. पुरुषमंडळी काही सुचेना म्हणून कर्जतला दाढी करायला लागली. तेव्हा गावचा कटिंगवाला धंदा बुडाला म्हणून तावातावानं माझ्याकडे आला, आणि मग स्वतःच पेटी घेऊन गाडीत मागच्या सीटवर बसायला लागला. खड्डा आला की वस्तरा उचलायचा. चौघेजण एकदा सावली बघून तहसीलसमोर बसले तर तिथे मोर्चा चालू होता. मागणी काय होती हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही, पण ती मान्य झाली. तीन म्हाताऱ्या श्रीगोंद्यापर्यंत गेल्या, स्टँडवर बसून शेंगा खाल्ल्या आणि एक सोयरीक जमवून आल्या.

दहा दिवसांत अशी स्थिती आली की ज्यांना खरंच कर्जतला काम होतं त्यांना जागा मिळेना. शेजारच्या दोन वाड्यांनाही मी जाऊन सांगितलं होतं. तीही निघाली.

वहिनीची पाळी नव्हती. ती रोज सकाळी गाडी बघायला यायची आणि माणसं मोजायची. गाडी हलली की माझ्याकडे बघून हसायची. कंगवा परत ट्रंकेत गेला होता.

अठ्ठावीस तारखेला वरून साहेब आले. जामखेडहून जीपनं येऊन गिरणीसमोर आमच्या गाडीत बसायला म्हणून चढले, पण बसता आलं नाही. कर्जतपर्यंत उभे आले, आणि कुणाचीतरी कोंबडी त्यांच्या हातात होती. माणसाला स्वतःला उभं राहावं लागलं की गाडी चालते यावर त्याचा विश्वास बसतो. कर्जतला उतरताना साहेब म्हणाले, "ही गाडी बंद? ही गाडी तर वर न्यायला पाहिजे."

संध्याकाळी गिरणीवर पेढे वाटले. मी हार घालून घेतला नाही, पण कोणी आणलाही नव्हता.

एक तारीख उजाडली. वहिनी पाचलाच तयार. हिरवं लुगडं, ट्रंक, भाकरीचं गाठोडं, आणि ती समुद्राची रिकामी बाटली धुऊन पिशवीत घातलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तितनं भरून धाडीन. आत्यांच्या आमटीला."

आईनं तिला कुंकू लावलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला माहीत होतं. मधी उतरू नको.

साडेसहाला गाडी दिसली. धूळ, मग टप, मग काच. काचेमागे पाटी नवी होती, तिच्यावर तांबड्या अक्षरांत काहीतरी जास्तीचं लिहिलं होतं. वहिनीनं ट्रंक उचलली. गाडी आली, आणि गेली.

थांबलीच नाही. सूर्यभाननं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर सोडून कपाळाला लावले. रंगनाथमामा दारातून अर्धे बाहेर लोंबकळत ओरडत होते, "जलद झाली! गाडी जलद झाली! आता एकदम कर्जत!"

एवढ्या गर्दीची गाडी वाड्यावस्त्यांवर थांबवत बसणं बरं नव्हे, असं वर ठरलं होतं. आम्ही तिला वाचवली होती. इतकी वाचवली की ती आमच्या हातातनं गेली.

वहिनी ट्रंकेवर बसली ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. मी शेजारी दगडावर. माझ्याकडे सांगण्यासारखा एकही विनोद नव्हता. शेवटी तीच म्हणाली,

"भाऊजी, तुमी लई भारी काम केलं."

"व्हय."

"गाडी मोठी झाली. मोठी झाल्यावर गावाला वळखत न्हाई, तेवढंच."

"वैनी, मी उद्या सायकलवर कर्जतला सोडतो. तितनं बसा. तीच गाडी, तीच सीट."

"आत्या काय म्हनत्यात?"

आईला विचारून झालं होतं. आई म्हणाली होती, कर्जतला चढायचं म्हणजे बदललंच.

"मग न्हाई," वहिनी म्हणाली. "त्यांचं मन मोडून गेले तर दिवाळीला कुठल्या तोंडानं येऊ?" मग रस्त्याकडे बघत, "तिकडं आज संध्याकाळी ते स्टँडवर येतील. सगळी मानसं उतरतील. शेवटचा मानूस उतरंपर्यंत ते बघत बसतील."

एवढं बोलून ती उठली आणि ट्रंक घेऊन घरी गेली. मी तिथेच बसलो. तेवढ्यात एक टेम्पो आला आणि गिरणीसमोरच्या खड्ड्यापाशी हळू झाला. क्लीनर उडी मारून उतरला, गिरणीच्या माठातलं पाणी प्यायला आणि पळत जाऊन परत चढला. टेम्पो थांबला नव्हता.

मी गिरणीत जाऊन सहादेवला विचारलं, "गाडीनं थांबायचं न्हाई असा नियम हाय. हळू जायाचं न्हाई असा हाय का?"

दुसऱ्या दिवसापासून पाळ्या परत लागल्या. वरची आळी मुरूम, खालची आळी दगड, मळ्यातले पाणी. कारण काय लिहायचं हा प्रश्न आला, तेव्हा शाळेची पोरं रस्ता ओलांडतात असं ठरलं. शाळा रस्त्याच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला सगळं गाव आहे, पण पोरांना आम्ही दोन दिवस मुद्दाम ओलांडायला लावलं.

पहिला गतिरोधक जरा उत्साहात झाला. कडब्याचा ट्रॅक्टर त्यावर चढला आणि पुढची चाकं वर करून विचार करत राहिला. दूधवाल्याच्या कॅनमध्ये कर्जतला पोचेपर्यंत लोणी आलं म्हणतात, मी पाहिलेलं नाही. मग आम्ही तो वीतभर उतरवला. पाचव्या दिवशी सूर्यभाननं गाडी पहिल्या गिअरवर घेतली, पुढची चाकं चढवली, उतरवली, मग मागची. मी चालत बरोबर गेलो आणि तरी माझी बिडी विझली नाही. रंगनाथमामांनी दारातून खाली बघत गंभीरपणे मान हलवली.

सहाव्या दिवशी सकाळी सगळं गाव जमलं, पण चढायचं एकटीनंच असं मी बजावून ठेवलं होतं. गाडी आली. मी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. सहादेवनं ट्रंक मागच्या दारातून आत ढकलली. पुढची चाकं चढली.

"आत्या, येते," वहिनी म्हणाली आणि वाकून पाया पडायला लागली.

"अगं चढ! चढ आदी!" आई ओरडली. "पाया काय पडती! गाडी चाललीय!"

मामांनी हात दिला. वहिनी चढली. मागची चाकं धपकन उतरली. गाडी सुटायला लागली तशी माझी आई, जिला गुडघ्यामुळे देवळाच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत, नऊवारीचा काष्टा आवळून गाडीबरोबर पळत होती.

"चांगुणे! मधी उतरू नको! पानी प्यायालाबी नको! चांगुणे!"

खिडकीतून एक हात बराच लांबपर्यंत दिसला. नंतर नुसती धूळ. आई रस्त्याच्या मधोमध उभी होती. मागून आलेल्या जीपवाल्यानं तिला हॉर्न दिला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी गिरणीवर गेलो तर आई आधीच तिथे होती. कडेवर डबा. दीड किलो ज्वारी.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

गाडी आली. पुढची चाकं चढली. रंगनाथमामा दारात तयारच होते.

"पोचली!" ते ओरडले. "कानिफ सहा दिस रोज स्टँडवर येत हुता! काल ती उतरली तर त्याला हसावं का रडावं कळंना! खोलीतून बंदर दिसतंय! चांगुणा म्हनली, आत्यांना म्हनावं—"

मागची चाकं उतरली. सूर्यभाननं दुसरा गिअर टाकला. पुढचं वाक्य जामखेडला गेलं.

"काय म्हनावं?" आई माझ्याकडे वळली. "काय म्हनली ती?"

"परवा इचारू."

परवा मामा आले नाहीत. पुतण्याच्या लग्नाला सुट्टी घेतली होती. दुसरे कंडक्टर होते, त्यांना निरोप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ते आम्हाला "सुट्टे नाहीत" म्हणाले. त्यानंतर चार दिवस आई रोज पाचला दळण घेऊन गेली. पिठानं डबे भरले, मग पातेली, मग मी झोपतो त्या खाटेखालचं घमेलं.

घर फार नीट झालंय. फळीवर बाटलीची जागा रिकामी आहे, तिथे आई काही ठेवत नाही आणि मलाही ठेवू देत नाही. मी जेवताना एखादी गोष्ट सांगतो. पूर्वी वहिनी म्हणायची, भाऊजी, गप बसा. आता कोणी म्हणत नाही, त्यामुळे मी आपोआपच गप बसतो.

"पत्र येईल की," मी एकदा म्हणालो.

"पत्रात बाई खरं कुटं लिवती? पत्र धा जन वाचत्यात."

"मग मामा काय कानात सांगत्यात? सगळी गाडी ऐकती."

"गाडी आपलीच हाय," आई म्हणाली.

सातव्या दिवशी मामा आले. दारातच उभे, हातात काहीतरी. पुढची चाकं चढता चढता त्यांनी वाकून ते आईच्या हातात दिलं. सरबताची बाटली, बूच मेणानं बंद.

"त्या दिशी काय म्हनली हुती?" आई गाडीबरोबर चालत विचारत होती. "म्हनावं काय?"

"व्हय, ती म्हनली, मी मधी कुटंच उतरले न्हाई, फकस्त पुन्याला—"

धप. दुसरा गिअर.

आई बाटली छातीशी धरून उभी राहिली. पुण्याला काय? मीही मनातल्या मनात पुण्यापर्यंत जाऊन आलो आणि मला काही सापडलं नाही. पोरगी सुखरूप पोचलीय, बाटली आलीय, खोलीतून बंदर दिसतंय, तरी पुण्याला काय?

गाडी लांब गेली. आईनं बाटली पिशवीत ठेवली, डबा खाली ठेवला आणि गतिरोधकापासून पुढे चालायला लागली. मोजत. वीस पावलांवर थांबली, पायानं रस्त्यावर एक रेघ ओढली आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"गोरक्ष, दुसरा हितं घालायचा."

"दुसरा काय?"

"गतिरोधक. एकात नुसतं 'बरं हाय' एवढंच मावतंय." तिनं रेघेकडे बघितलं, मग गाडी गेली होती त्या दिशेला. "आन रुंद घाल. लई रुंद."

मी घमेलं आणायला घरी गेलो. ते पिठानं भरलेलं होतं.